एमपीएससीसाठी भावाला पुण्याला पाठवू का सोलापुरातच बसू दे?

पूर्वभागची_अक्का:
नमस्कार मंडळी. एरवी मी इथं नुसती वाचते, आज लिहायची वेळ आलीय. लहान भाऊ २४ वर्षांचा आहे, बीएस्सी झाल्यापासून राज्यसेवा आणि गट ब दोन्हीच्या मागं आहे. अशोक चौकाजवळच्या एका अभ्यासिकेत बसतो, महिन्याला आठशे रुपये. ९ नोव्हेंबर २०२५ ची पूर्व परीक्षा दिली, उत्तरतालिका लावून बघितली, काठावर आहे म्हणतो. आता त्याचं म्हणणं असं की मुख्य परीक्षा लेखी झालीय, सोलापुरात ते शिकवणारं कोणी नाही, निकालाची वाट बघत बसलो तर वेळ जाईल, पुण्याला जायलाच पाहिजे. तिथल्या एका क्लासनं सव्वा लाख फी सांगितलीय, हप्त्यानं. राहणं-खाणं वेगळं.

घरचं सांगते म्हणजे सल्ला देताना हिशेब बसेल. नायना (वडील) टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर, पाळीनं. अम्मा विड्या करते. मी एका एक्स्पोर्टवाल्याकडं टॅलीवर बसते. म्हणजे पैसे देणारी मीच. माझ्या लग्नासाठी बाजूला टाकलेले थोडे आहेत, अम्मा म्हणते त्यातले दे. द्यायला माझी ना नाही, पण उपयोग होणार असेल तर. नुसत्या पुणे या नावाला नाही देणार. ज्यांनी दोन्हीकडं राहून बघितलंय त्यांनी बोला. "ताई मोठी स्वप्नं बघा" वगैरे नको, ते त्याच्या मोबाईलवर रोज सकाळी येतंय.

कडकभाकरी:
पाठवू नका. पहिले सहा महिने पोरगं मिसळ कुठली भारी यावर अभ्यास करतंय, पुढचे सहा महिने कुठल्या क्लासचे सर भारी यावर.

सिद्धारामा:
पाठवा की बे. इथं राहून काय होतंय. चार-पाच दिवसांनी पाणी येतं, पाणी आलं की घरातनं फोन, "ये, मोटार लाव, बॅरल भर". परवा आमच्या अभ्यासिकेत एकाचा फोन वाजला आणि पाठोपाठ अर्धी खोली रिकामी, सगळे एकाच झोनचे. त्यात लग्नं, बारसं, कोणाचा गाडा ढकलायचा, कोणाला स्टँडवर सोडायचं. अभ्यास करणारा पोरगा म्हणजे घरात रिकामा बसलेला पोरगा अशीच समजूत आहे आपल्याकडं.

हुतात्मा_सेकंड_सीटिंग:
दोन्हीकडं राहून बघितलंय त्यामुळं लिहितो. मी सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं पिशवी घेऊन गेलो आणि काही वर्षं तिकडंच होतो, सध्या राज्यकर निरीक्षक आहे.

आधी पैसे. कॉट बेसिसवर जागा साडेतीन ते साडेचार हजार, एका खोलीत चार नायतर पाच जण. मेस तीन हजारांच्या वर, रविवारी संध्याकाळी बंद. अभ्यासिका हजार ते दीड हजार. झेरॉक्स, चहा, मोबाईल, महिन्यातनं एकदा गावाकडं. बारा हजार धरा, त्याच्या खाली कोणी सांगितलं तर तो उपाशी राहतोय किंवा खोटं बोलतोय. क्लासची फी सोडून वर्षाचे दीड लाख झाले.

आता त्यात मिळतं काय. क्लासमध्ये तीनशे पोरं, शेवटच्या रांगेतल्याला फळा टीव्हीवरच दिसतो, तेच लेक्चर रात्री यूट्यूबवर. पुण्याचा फायदा क्लासचा नाहीच. शेजारच्या टेबलावरचा पोरगा माझ्यापेक्षा पुढं आहे हे रोज डोळ्याला दिसतं, तो फायदा. सोलापुरात मी अभ्यासिकेत पहिला होतो, पुण्यात शास्त्री रोडला गेल्यावर कळलं की आपण कुठंच नाही. कोणाला त्यानं जोर येतो, कोण त्यानं खचतं. तुमचा भाऊ कुठल्या जातकुळीतला ते तुम्हालाच माहीत.

कडकभाकरी:
@हुतात्मा, मिसळीचं खरं का खोटं ते सांग आधी.

हुतात्मा_सेकंड_सीटिंग:
खरं आहे. पण सहा महिने नाही, दोन.

समास_सोडून_लिहा:
लोक पुणे-सोलापूर करायलेत पण परीक्षा नेमकी काय झालीय ते कोणीच सांगेना. अक्का, तुमच्यासाठी सांगतो, पैसे तुमचे आहेत.

आधीची मुख्य ८०० मार्कांची होती, मुलाखत १००. भाषेचा एक पेपर सोडला तर सगळं गोळे काळे करायचं काम. आता यूपीएससीसारखं नऊ पेपर. मराठी आणि इंग्रजी प्रत्येकी ३००, पण ते फक्त पात्रतेला, २५ टक्के मिळवायचे, बेरजेत धरत नाहीत. मग निबंध, सामान्य अध्ययनाचे चार आणि वैकल्पिक विषयाचे दोन, हे सात पेपर प्रत्येकी २५०. झाले १७५०. मुलाखत २७५. एकूण २०२५. योगायोगानं लागू पण २०२५ पासूनच झालंय त्यामुळं आकडा विसरत नाही. खरं तर २०२३ लाच आणणार होते, पुण्यात पोरं रस्त्यावर बसली तेव्हा दोन वर्षं पुढं ढकललं.

म्हणजे तुमच्या भावानं इतके दिवस जे केलं त्यातलं वाचन उपयोगाला येईल, सवय येणार नाही. चार पर्यायातला बरोबर ओळखणं वेगळं आणि कोऱ्या पानावर दीडशे शब्द उतरवणं वेगळं. आणि अजून एक, त्याला सीसॅटमध्ये, म्हणजे पूर्वच्या दुसऱ्या पेपरात, किती पडतात विचारा. तो पेपर आता ३३ टक्क्यांचा पात्रतेचा आहे, २०० पैकी ६६. लई जणांचा सामान्य अध्ययनाचा पेपर चांगला जातो आणि तिथं अडकतात, मग घरी "काठावर आहे" एवढंच सांगतात.

पूर्वभागची_अक्का:
सीसॅटचं विचारलं. "त्यात काय प्रॉब्लेम नाही अक्का" म्हणाला आणि जेवायला बसला. उत्तरतालिकेवरनं नव्वदच्या पुढं दिसतायत, बघितले मी स्वतः.

बार्शीकर_कट्टर:
अक्का, आमच्या बार्शी तालुक्यातल्या महागावचे रमेश घोलप बघा. आई बांगड्या विकायची, स्वतः शिक्षक होते, २०१२ ला आयएएस झाले, झारखंड केडर. परिस्थिती आड येत नाही.

प्राची_विजापूररोड:
दर धाग्यावर घोलपसाहेब येतातच :) त्यांच्याबद्दल आदर आहेच हो, पण त्यांच्याबरोबर त्या वर्षी बसलेल्या बाकीच्या पोरांची गोष्ट कोण सांगत नाही. अक्कांनी पहिल्याच पोस्टमध्ये हात जोडलेत की हे नको म्हणून.

निवृत्त_जुळेसोलापूर:
जुनं उदाहरण चालत असेल तर सुशीलकुमार शिंदे. इथल्या कोर्टात शिपाई होते, मग फौजदार झाले, पुढं मुख्यमंत्री आणि केंद्रात गृहमंत्री. त्या काळात ना क्लास ना अभ्यासिका.

कडकभाकरी:
म्हणजे पीएसआयचा फॉर्म भरला की गृहमंत्री होता येतंय. हे आधी सांगायचं की सर, मी गोळाफेकीला घाबरून सोडून दिलं.

धावपटू_पार्क:
गोळ्याला कोण घाबरतं बे, ८०० मीटरला घाबर. पार्क स्टेडियमवर सकाळी साडेपाचला ये, दाखवतो. दुसऱ्या राउंडला पोरं अशी पडतात की वॉकिंगला आलेले काका पाणी घेऊन पळतात. लांब उडी, पुलअप्स राहिलेच अजून. पुस्तकात डोकं घालून पीएसआय होत नाही.

संपादक:
मंडळी, विषय मुख्य परीक्षेच्या तयारीचा आहे. गृहमंत्र्यांपर्यंत गेलात, आता परत या.

सदाशिवपेठी_एकेकाळचा:
मूळ मुद्द्यावर. यंदा पूर्व २८ सप्टेंबरला होती, ती ९ नोव्हेंबरवर गेली. ज्यांची तयारी टोकाला आली होती त्यांची लय गेली. त्याच्या आदल्या वर्षी पण तसंच, ऑगस्ट २०२४ ची पूर्व डिसेंबरला झाली. या परीक्षेत तारखा अशा हलतात आणि तारीख हलली की पुण्यातलं भाडं काय थांबत नाही. अक्का, बजेट करताना एक वर्ष धराल तर दीड वर्षाचं करा.

सीनाकाठचा:
@सदाशिवपेठी, यंदाच्या तारखेबद्दल जरा जपून. ती आमच्यासाठी पुढं गेली होती. मी मोहोळ तालुक्यातला, सप्टेंबरात सीना आली तेव्हा घरात छातीएवढं पाणी. पुस्तकं पत्र्याच्या पेटीत ठेवली होती, वाटलं पेटीत सुरक्षित राहतील, तर पेटीच तरंगत दारापर्यंत आली. पाणी उतरल्यावर राज्यघटनेचं ते जाड पुस्तक छपरावर वाळत घातलं, पानं चिकटलेली, मूलभूत हक्क आणि मार्गदर्शक तत्त्वं एकच झाली होती. नोट्सची शाई तर सगळी वाहून गेली. त्या २८ तारखेला मी परीक्षा देणार होतो का जनावरांचा पंचनामा बघणार होतो?

आणि देऊन आलो नोव्हेंबरात. बरी गेली.

सदाशिवपेठी_एकेकाळचा:
@सीनाकाठचा, पुढं ढकलायला नको होती असं माझं म्हणणं नाही भावा. भाड्याचा हिशेब सांगत होतो. पुस्तकं काय लागतील ते कळव, माझ्याकडं एक पोतं पडलंय, बायको रोज रद्दीवाल्याला हाक मारते.

नान्नजचा_माळढोक:
अभ्यासाचा विषय निघालाच आहे तर. आपल्या अभ्यासिकेतल्या दहा जणांना मी मध्ये एक प्रश्न टाकला होता, सोलापूरचा मार्शल लॉ कुठल्या साली. चौघांनी १९४२ सांगितलं. रोज चार हुतात्मा पुतळ्यांवरनं गाडी घालतेत! १९३० चा मे महिना, गांधीजींना अटक झाल्यावर. धनशेट्टी, सारडा, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी. ज्यांच्या नावाच्या गाडीनं पुण्याला क्लासला जायचं त्यांचंच साल माहीत नाही.

कडकभाकरी:
माळढोक पक्ष्याबद्दल पण विचारलं असतंस तर? नान्नजला राहून तूच किती बघितलेत?

नान्नजचा_माळढोक:
आरशात बघतो तेवढेच. अभयारण्य आमच्या नावानं आहे, आम्ही कुठं गेलो ते कोण विचारायचं नाही.

प्राची_विजापूररोड:
अक्का, एक विचारू का. तुम्ही बी.कॉम. असाल ना? तुम्ही स्वतः का नाही देत? कर सहायकचं पद आहे गट क मध्ये, आयोगामार्फतच असतं, पदवी आणि मराठी-इंग्रजी टायपिंग लागतं. तुमचा हात तर रोज कीबोर्डवर. आमच्या घरात पण पुण्याला जायचा प्रश्न भावासाठी आला, माझ्यासाठी तो प्रश्नच कोणी काढला नाही, मी सात रस्त्यापासून घरापर्यंत रिक्षात नोट्स वाचून लिपिक झाले.

तलाठी_आप्पा:
+१. अक्कांना बसवा.

सिद्धारामा:
+१, आणि भावाला टॅली शिकवा.

पूर्वभागची_अक्का:
धागा माझ्यावर आणू नका :) हो, बी.कॉम. आहे. पण खरं सांगू का, मला नको आहे. कोणी अडवलं म्हणून नाही. मला हे काम आवडतं. कंटेनर सुटायच्या आदल्या दिवशी कागद सगळे जुळले की मला जे बरं वाटतं ते आमच्या भावाला पेपर सोडवताना वाटत असेल तर तो नक्की पास होईल. सगळ्यांना कशाला अधिकारी व्हायचंय. प्राचीताई तुमचं मात्र कौतुक आहे, रिक्षात मला तर मेसेज पण वाचता येत नाही.

तलाठी_आप्पा:
बरं. मग भावाबद्दल. मी तलाठी आहे आणि अजून राज्यसेवा देतोय. माझं मत, आधी कुठलीतरी नोकरी पदरात पाडून घ्यावी. गट क, सरळसेवा, जे निघेल ते. नोकरीत वेळ मिळत नाही हे खरं, ई-पीक पाहणी आणि पंचनामे सुरू झाले की पुस्तकाचं तोंड दिसत नाही. पण रात्री झोप लागते. घरच्यांचा चेहरा बघून अभ्यास करायला लागत नाही.

हुतात्मा_सेकंड_सीटिंग:
@आप्पा, हे मला पटत नाही. नोकरी लागल्यावर राज्यसेवा काढणारे किती बघितलेस तू? गाडी येते, मग हप्ता येतो, मग लग्न. लेखी परीक्षेला रोज तीन तास सलग बसायला लागतं, ते नोकरीत जमणं अवघड. अर्ध्यानं होत नाही हे.

तलाठी_आप्पा:
आणि ज्यांचं पूर्णवेळ बसूनही होत नाही त्यांचं काय? खुल्या प्रवर्गाला ३८ आणि राखीवला ४३ वयोमर्यादा आहे, म्हणजे तेवढी वर्षं बसायचं असं आयोगानं सांगितलेलं नाही. आमच्या अभ्यासिकेत एक जण आहेत, नवीन पोरं त्यांना सर म्हणतात, त्यांना वाटतं शिकवायला आलेत. ते पण फॉर्मच भरतायत.

प्राची_विजापूररोड:
आप्पांचं बोलणं कडू आहे पण अक्कांनी भावाबरोबर बसून ही तारीख आधी ठरवावी, पुणे नंतर. कुठल्या सालापर्यंत, आणि नाही झालं तर काय. बीएस्सीवर काय काय उघडं आहे ते आत्ताच कागदावर मांडा, तिशीत मांडायला बसलं की भांडणं होतात.

विडीघरकुल_२:
अक्का, तुम्ही आमच्याच भागातल्या. पद्मशाली असाल तर विशेष मागास प्रवर्गात (विमाप्र) येता, महाज्योती या सरकारी संस्थेच्या योजना इतर मागास (इमाव), भटके-विमुक्त आणि विमाप्र तिघांना आहेत. निवड झाली तर क्लासची फी ते भरतात आणि महिन्याला विद्यावेतन. प्रवेश परीक्षा असते, जाहिरात कधी निघते त्यावर डोळा ठेवायला लागतो. नॉन क्रिमीलेअरचा दाखला काढून ठेवा, ऐनवेळी सेतू केंद्रात रांगा लागतात. मराठा समाजाच्या पोरांना सारथी, अनुसूचित जातीच्या पोरांना बार्टी. आणि यूपीएससीच्या तयारीची सरकारी प्रशिक्षण केंद्रं आहेत, मुंबईचं आहे, आपल्याला जवळ म्हणजे कोल्हापूर. तिथं पण परीक्षा देऊनच घेतात. खासगी क्लासला सव्वा लाख द्यायच्या आधी हे सगळं झालंय का बघा. हप्त्याचं पण सांगते, पहिला हप्ता भरला की परत मिळत नाही, आमच्या शेजारणीनं पावती घेऊन चार चकरा मारल्या, कुठल्या क्लासला ते लिहीत नाही.

पूर्वभागची_अक्का:
विडीघरकुलताई, लई उपकार. विमाप्रचा दाखला आहे, महाज्योतीचं माहीत होतं पण ते फक्त पीएचडीवाल्यांना असतं असं कोणीतरी सांगितलं होतं. नॉन क्रिमीलेअरची मुदत बघते आजच.

निवृत्त_जुळेसोलापूर:
मी चाळीसेक वर्षं शाळेत मराठी आणि सामाजिक शास्त्रं शिकवली, त्यातल्या त्यात वह्या तपासणं हे माझं खरं काम. पुणे की सोलापूर यावर मला बोलायचा अधिकार नाही, पण लिहिण्यावर आहे. यूपीएससीच्या सामान्य अध्ययनात तीन तासांत वीस उत्तरं, म्हणजे एका उत्तराला नऊ मिनिटं, विचार करणं त्यातच. गोळे काळे करून मोठी झालेली मुलं तिसऱ्या उत्तराला मनगट झटकायला लागतात. अक्षर पहिल्या पानावर मोत्याचं, चौथ्या पानावर मुंग्या.

ताई, एक करा. भावाला आज रात्री एक प्रश्न द्या, घड्याळ लावून नऊ मिनिटं. प्रश्न मी देतो: महाराष्ट्रातील यंत्रमाग उद्योगापुढील समस्या आणि उपाय, १५० शब्द. जे लिहील ते जसंच्या तसं इथं उतरवा. मग पुण्याचं बोलू.

समास_सोडून_लिहा:
सर, प्रश्न बरोबर घरातला काढला तुम्ही.

पूर्वभागची_अक्का:
लिहिलंन. आधी चिडला, मग लिहिलंन. जसंच्या तसं देते, शेवटचं वाक्य अर्धंच आहे कारण वेळ संपली.

"भारत हा कृषिप्रधान देश असून शेतीखालोखाल वस्त्रोद्योग हे रोजगाराचे प्रमुख साधन आहे. प्राचीन काळापासून भारतीय वस्त्रे जगप्रसिद्ध आहेत. ब्रिटिश काळात या उद्योगाचा ऱ्हास झाला. स्वातंत्र्यानंतर शासनाने विविध योजना राबविल्या. तथापि आजही या उद्योगापुढे अनेक समस्या आहेत. उदा. भांडवलाची कमतरता, तंत्रज्ञानाचा अभाव, कामगारांचे प्रश्न, बाजारपेठेचा अभाव, इत्यादी. उपाय म्हणून शासनाने भांडवल, तंत्रज्ञान व बाजारपेठ उपलब्ध करून द्यावी व कामगारांचे"

निवृत्त_जुळेसोलापूर:
भाषा शुद्ध आहे, अक्षर बघितलं नाही पण वाक्यं सरळ आहेत. आता दोष. पहिली चार वाक्यं कुठल्याही प्रश्नाला चालतील. प्रश्न यंत्रमागाचा, उत्तर वस्त्रोद्योगाचं. महाराष्ट्र विचारलाय आणि एकाही गावाचं नाव नाही. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी आणि आपण स्वतः! समस्या चार शब्दांत गुंडाळून "इत्यादी". उपाय म्हणजे समस्याच उलट्या करून लिहिल्यात. दहापैकी अडीच.

पण मला दुसरंच दिसतंय. याचे वडील मागावर उभे राहतात. सुताचा भाव आठवड्याला कसा हलतो, वीज बिल आलं की मालकाचं तोंड कसं होतं, साधे माग मोडीत का निघाले आणि नवीन बिनधोट्याचे माग घ्यायला कर्ज का मिळत नाही, तरुण पोरं मागावर का येत नाहीत, पगार हप्त्यावर आणि फंडाचा पत्ता नाही, हे याच्या घरात रोज बोललं जात असणार. त्यातलं एक अक्षर उत्तरात नाही. हे पुण्यातला कुठला क्लास त्याला सांगणार आहे?

सिद्धारामा:
सर आग लावली तुम्ही.

हुतात्मा_सेकंड_सीटिंग:
सर, मान्य. पण एक सांगू, हे तुम्ही सांगितलं म्हणून त्याला कळलं. पुण्यात पैसे देऊन टेस्ट सिरीज लावली तर हेच सांगतात, वाईट शब्दांत सांगतात, पण सांगतात. सोलापुरात हे सांगणारं कोण आहे? तुम्ही एकटे किती वह्या तपासणार? आणि वैकल्पिक विषयाचं काय? पाचशे मार्कांचा आहे तो. पोरगा बीएस्सी. मराठी साहित्य घेतलं तर सर आहेत, भूगोल नायतर समाजशास्त्र घेतलं तर?

निवृत्त_जुळेसोलापूर:
वैकल्पिकचं तुमचं बरोबर. ते माझ्या आवाक्यातलं नाही. त्यासाठी तो विषय शिकवणारा माणूसच हवा. विद्यापीठातल्या त्या विभागात जाऊन कोणी प्राध्यापक महिन्यातून दोनदा बघतील का ते विचारायला काय हरकत आहे. आपलं विद्यापीठ २००४ पासून या एका जिल्ह्यापुरतंच आहे, दार वाजवलं तर उघडतील.

पूर्वभागची_अक्का:
सर, तुमची पोस्ट त्याला वाचायला दिली. काही बोलला नाही. रात्री नायना पाळीवरनं आले तेव्हा त्यांच्याजवळ बसून सुताचा काऊंट म्हणजे काय विचारायला लागला. नायना जे सुरू झाले ते दीड तास, अम्मानं विड्यांची पानं कापायची कात्री खाली ठेवून दोनदा दम दिला, तरी थांबेनात. मालकाला, सरकारला, चीनला, सगळ्यांना शिव्या घालून झाल्या. भाऊ म्हणतो यातनं दीडशे शब्द काढणं मुख्य परीक्षेपेक्षा अवघड आहे. आज परत लिहिलाय, यावेळी टाकत नाही, शिव्या गाळायच्या राहिल्यात.

कडकभाकरी:
शिव्यांसकट टाका, जास्त मार्क मिळतील.

समास_सोडून_लिहा:
अक्का, पैशाचं माझं मत. निकाल लागेपर्यंत पुण्याला एक रुपया नको. पूर्व निघाली तर नुसती टेस्ट सिरीज लावा, बऱ्याच ठिकाणी ऑनलाइन आहे, उत्तर लिहून मोबाईलवर स्कॅन करून पाठवायचं, तपासून परत येतं. पूर्ण क्लास नको. मुख्यच्या आधी दोन-तीन महिने जायचं असेल तर जाऊ दे, तोपर्यंत महाज्योतीचं काय होतंय ते पण कळेल. पूर्व नाही निघाली तर सव्वा लाख वाचले असं समजायचं नाही, प्राचीताई म्हणतात त्या तारखेचं बोलायचं.

सदाशिवपेठी_एकेकाळचा:
मी याच्या उलट सांगणार होतो, पण यंत्रमागाचं उत्तर वाचून गप्प बसलो. तरी एक. त्याला एकदा पुण्यात चार दिवस राहू दे, ओळखीच्या कोणाच्या कॉटवर. अभ्यासिका बघू दे, मेसची भाजी खाऊ दे. नाहीतर नंतर आयुष्यभर "मला पाठवलं असतं तर" ऐकायला लागेल तुम्हाला. जाताना शेंगाचटणीचा डबा द्या, मेसच्या भाजीला त्याशिवाय चव नाही.

पूर्वभागची_अक्का:
चार दिवसांचं पटलं. हुतात्माचं तिकीट काढते. सव्वा लाख तूर्त माझ्याकडंच. तोंड पाडून बसलाय थोडा, बसू दे. सर, तुम्हाला चालत असेल तर रविवारी तो वह्या घेऊन येईल का?

निवृत्त_जुळेसोलापूर:
घरी नको, नातवंडं आहेत. हिराचंद नेमचंद वाचनालयाच्या तिथं, रविवारी सकाळी दहाला. फी नाही, चहा त्यानं पाजायचा.

सीनाकाठचा:
सर, मी पण येऊ का? मोहोळवरनं एसटीनं दहापर्यंत पोचतो.

नान्नजचा_माळढोक:
मी पण. आम्ही दुर्मिळ आहोत, जागा कमी लागते.

धावपटू_पार्क:
मी तर पार्कवरनं घामातच येईन, चालेल का?

निवृत्त_जुळेसोलापूर:
आंघोळ करून या. जास्तीत जास्त आठ जण, त्यापुढं मला तपासणं होत नाही. प्रत्येकानं आठवड्याला पाच उत्तरं लिहून आणायची, आखीव कागद, दोन्ही बाजूला समास, निळं बॉलपेन. न लिहिता आला तर चहाचे पैसे त्याचे. पहिल्या रविवारचा प्रश्न: उजनी धरणाचे पाणीवाटप आणि सोलापूर जिल्ह्यातील ऊस. नोट्समधून उतरवलेलं मला लगेच कळतं.

कडकभाकरी:
सर, गड्डा यात्रेच्या आठवड्यात सुट्टी ना?

निवृत्त_जुळेसोलापूर:
अक्षता सोहळ्याच्या दिवशी. बाकी नाही.